कुटुंब क्रमांक १४३

२ जून, मंगळवार. सकाळी ५.४०

नवी वही, नवा माणूस. गजर पाचचा लावला होता, उठलो पाच चाळीसला. पहिल्या दिवसाच्या मानानं चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.

परिस्थिती अशी आहे. अर्थशास्त्रातली संशोधनाची मास्टर्स. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. माझं चौथं चालू आहे. घाई करणारे घाई करतात, मी विषयात खोल गेलोय. विभागानं तिसरी आणि शेवटची मुदतवाढ दिली आहे, ३० नोव्हेंबर. पत्रात 'शेवटची' या शब्दाखाली दोन रेघा मारल्यात. क्लार्कचा स्वभावच तसा आहे.

विषय : नवरा-बायको घरात वेळ कसा घालवतात. दोनशे कुटुंबं. प्रत्येक घरी नवरा आणि बायकोनं वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता, कालच्या दिवसाचा फॉर्म भरायचा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस खण. खणात काय केलं ते शब्दांत लिहायचं, बाजूला यादीतला कोड टाकायचा आणि जोडीदार सोबत असेल तर टिक करायची. लोक खोटं बोलतात, पण नवरा-बायको वेगवेगळं बसले की एकच खोटं बोलत नाहीत, हे माझं मूळ सूत्र. माझ्या गाइड सरांना ते फार आवडलं होतं. पहिल्या वर्षी.

आजपासून : पाचला उठणे. रोज दोन पानं. चहा दोनदाच. आता चार रंगांत वेळापत्रक करतो.

२ जून, सकाळी ११.१५

वेळापत्रक झालं. देखणं झालंय. त्यात सहा ते अकरा 'लेखन' आहे आणि अकरा वाजून गेलेत. उद्यापासून लागू.

ही कामावर कधी गेली कळलंच नाही. (ही म्हणजे बायको. एका दवाखान्याच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे.) नशीबवान आहे मी. अभ्यासात एका शब्दाचा व्यत्यय नाही. पूर्वी फार बडबडायची. आता तिलाही विषयाचं गांभीर्य कळलंय.

५ जून, शुक्रवार. सकाळी १०

मोठा घोटाळा. फॉर्म मोजले तर एकशे नव्व्याण्णव कुटुंबंच भरली. प्रस्तावात दोनशे लिहिलंय. सरांना फोन केला. म्हणाले, अजून एक घर गाठा, त्यात काय एवढं. त्यांना बोलायला काय जातंय. चौदा महिने लोकांच्या दारात उभा राहिलोय मी. बेल वाजवली की आतून विचारतात, काय विकायचंय?

५ जून, सकाळी ११

सुचलं! आमचंही कुटुंबच आहे की.

ही घरी होती, काल तिची सुट्टी होती, आज दुपारची पाळी. तिला म्हटलं, विज्ञानासाठी एवढं कर. टेबलावर माझी पुस्तकं, म्हणून ती पलंगाच्या कडेला मांडीवर पाट ठेवून बसली. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं भरला. सहा मिनिटांत मोकळा. हिला चाळीस मिनिटं लागली. लोकांना वीस लागतात. एकेका खणात लिहीत काय बसली होती कोण जाणे. मग शेवटचं पान उलटून तिथंही बराच वेळ.

विचारलं, हे तू वाचतोस का सगळं? म्हटलं, अगं प्रश्न आहे का, दोनशेच्या दोनशे वाचणार, ओळन् ओळ. मग तिनं पाकीट स्वतः चिकटवलं, कडेनं दोनदा बोट फिरवलं.

संशोधकानं आपलंच घर धरणं तसं नियमात बसत नाही. पण फॉर्मवर नाव नसतं. सरांना सांगायची गरज वाटत नाही.

८ जून, सोमवार. दुपारी

विभागात गेलो. रोबस्टनं सगळ्या पाकिटांवर नंबरांचे स्टिकर लावून दिले, पत्ते पिसावेत तसे पिसून. म्हणजे कुठलं घर कुठलं ते मलाही कळू नये, कुणाला झुकतं माप जाऊ नये. सरांच्या हाताखाली काम करायची ही पद्धत आहे.

रोबस्ट म्हणजे शेजारच्या टेबलावरची मुलगी. काहीही सांगा, विचारते, पण हे रोबस्ट आहे का? म्हणजे आकडे थोडे इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष टिकतो का. माझ्यानंतर दोन वर्षांनी आली आणि जुलैत प्रबंध देतेय. वरवरचं काम लवकर होतं.

९ जून, मंगळवार

फॉर्म टायपिंगच्या बाईंकडे टाकले. त्या फक्त कोड आणि टिका टाइप करतील. शब्द नकोत म्हटलं, शब्दांचं रिग्रेशन होत नाही. (रिग्रेशन म्हणजे कुठला आकडा कुठल्यावर अवलंबून ते काढायचं गणित.) बाईंनी विचारलं, शेवटच्या पानावर 'आणखी काही सांगायचंय का' असं छापलंय, तिथं लोकांनी काय काय लिहिलंय, त्याचं काय करू? म्हटलं, सोडून द्या. नंतर निवांत वाचीन.

निश्चय : फॉर्म परत आले की रोज दहा वाचायचे. वीस दिवसांत दोनशे. वेळापत्रकात पाचवा रंग.

१४ जून, रविवार

प्रबंधाचं शीर्षक बदललं. आधीचं फार साधं होतं. नवं तीन ओळींत बसतं.

हिनं चहा देताना विचारलं, फॉर्म वाचलेस का? इतकं बरं वाटलं! चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या संशोधनात रस घेतला. म्हटलं, टायपिंगला दिलेत. बरं म्हणाली.

२६ जून, शुक्रवार

फॉर्म परत आले. सुतळीनं बांधलेले चार गठ्ठे. ठेवायला जागाच नाही. शेवटी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर रचून ठेवले. ती हिची जेवायची खुर्ची, पण ही काय, ओट्यापाशी उभ्यानं खाते हल्ली, नाहीतर पलंगावर ताट घेते. मागणी कमी तिथून साधन काढून मागणी जास्त तिथं द्यावं, अर्थशास्त्राचा पहिला धडा.

संध्याकाळी आल्या आल्या गठ्ठे बघितले. म्हणाली, आले? म्हटलं, आले. म्हणाली, मग आता वाचशील. म्हटलं, सोमवारपासून.

३ जुलै, शुक्रवार. सकाळी

सोमवारपासून वाचन सुरू झालं नाही. लिटरेचर रिव्ह्यू आडवा आला.

काल हिनं एक बातमी सांगितली. लॅबची नवी शाखा निघतेय, इथून गाडीनं सहा तासांवरच्या गावात. तिला इन्चार्ज म्हणून जाणार का विचारलंय. ३१ जुलैपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, वा! अभिनंदन! म्हणाली, अभिनंदन नको, तुला काय वाटतं ते सांग.

मी तिला रीतसर तक्ताच करून दिला. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, प्रत्येकाला दहापैकी गुण. हुद्दा नऊ. अनुभव आठ. नवी जागा, सहा. तोट्यात 'आपण वेगळे राहणार' असं एक कलम होतं. त्याला गुण देता येईनात, कारण त्याचं मोजमाप कुठल्याच पेपरात मिळालं नाही. मग ती जागा कोरी सोडली. कोरी जागा बेरजेत शून्य धरतात. फायदे भरपूर मतांनी जिंकले.

ती तक्त्याकडे बराच वेळ बघत होती. चांगला तक्ता माणसाला असा गप्प करतो. मग म्हणाली, फॉर्म वाचायला घेतलेस का? म्हटलं, अगं, तुझ्या नोकरीचं चाललंय, त्यात फॉर्म कुठून आले?

१२ जुलै, रविवार. सकाळी ११.३०

सासूबाईंचा फोन. एरवी हिच्याशी बोलतात, आज मलाच बोलावलं. म्हणाल्या, जावईबापू, अभ्यास होईलच हो, पण तिच्याशी जरा बसून बोला. मी म्हटलं, आमचं बोलणं चालूच असतं की. म्हणाल्या, काल काय बोललात? असा आडवा प्रश्न! काल शनिवार. काल मी तिला विचारलं होतं, स्टेपलर कुठे आहे? आणि तिनं सांगितलं होतं. संवाद उत्तम आहे आमच्यात.

निश्चय : पुढच्या रविवारी हिला घेऊन फिरायला जाणे. दोन तास. वेळापत्रकात जांभळा रंग.

१९ जुलै, रविवार

जांभळा रद्द. टाइप केलेली फाइल आज उघडली, पहिलं रिग्रेशन चालवलं. ही साडी बदलून तयार होऊन बसली होती म्हणे. मला आठवलंच नाही आणि तिनं आठवणही करून दिली नाही. सांगायला नको? मी काय मनकवडा आहे?

निकाल मात्र ओम् फस्. माझं म्हणणं असं की नवरा-बायको किती वेळ एकत्र होते, याबाबत दोघांचे आकडे जवळजवळ जुळतात. आकडे म्हणतात, जुळत नाहीत. एकही तारा नाही. (निष्कर्ष भक्कम असला की आकड्याशेजारी तारे येतात. तारे नाहीत तर पदवी नाही.)

२४ जुलै, शुक्रवार. दुपारी १

सापडला! सापडला! सगळा घोळ एकाच घराचा आहे. कुटुंब क्रमांक १४३.

काय नमुना आहे! नवरा लिहितो, बायको सोबत : नऊ खण, म्हणजे साडेचार तास. बायको लिहिते, नवरा सोबत : शून्य. शून्य! एकाच घरात, एकाच दिवशी! नवरेबुवा स्वतःचं काम अकरा तास लिहितात, घरकाम अर्धा तास. आणि बाईंनी सात खणांत कोड २७ टाकलाय, 'वाट पाहणे'. हा कोड मी बसच्या रांगेसाठी ठेवला होता. साडेतीन तास कुणी बसची वाट बघतं का? एक तर बाईंना फॉर्म कळला नाही, नाहीतर नवरा महागाढव आहे. माझा अंदाज दुसरा. अशा माणसाला साडेचार तास कुठून दिसले, चष्मा बदला म्हणावं. मूळ कागद काढून बघणार होतो, पण तिसरा गठ्ठा, सुतळीची गाठ, कोण सोडत बसणार.

आउटलायर, म्हणजे कळपाबाहेरचा आकडा, म्हणून १४३ उडवलं. एक बटण. रिग्रेशन पुन्हा चालवलं. तीन तारे! तीन!

२४ जुलै, दुपारी ३

हिची आज सुट्टी होती. जेवताना तिला १४३ ची गंमत सांगितली. नवऱ्याची नक्कलसुद्धा केली, 'साडेचार तास हं, साडेचार!' तिनं फार लक्ष देऊन ऐकलं. विचारलं, बाईनं सात खणांत काय लिहिलंय? म्हटलं, वाट पाहणे. विचारलं, कुणाची? म्हटलं, कोडात ते येत नाही. विचारलं, शेवटच्या पानावर? म्हटलं, ते टाइपच केलं नाही. मग विचारलं, आता त्या घराचं काय केलंस? म्हटलं, काढून टाकलं.

ताट अर्धं ठेवून उठली. नळ बराच वेळ सोडून ठेवला होता. पाणी वाया जातं, पण मी बोललो नाही. तीन ताऱ्यांच्या दिवशी माणसानं मोठ्या मनानं वागावं.

३१ जुलै, शुक्रवार

हिनं दवाखान्यात होकार कळवला. मी म्हटलंच होतं, तक्ता खोटं बोलत नाही. नोव्हेंबरनंतर मीही जाईनच तिकडे. तोवर तिला हुद्दा, मला शांतता. दोघांचा फायदा.

संध्याकाळी तिनं स्वतःची पुस्तकं वेगळी काढली. लग्नाचा फोटो कपाटावरून काढून पुसला आणि परत तिथंच ठेवला. फोटो न्यायचा असता तर मी दिला असता.

८ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९.५०

ही गेली.

मेहुणा सकाळी गाडी घेऊन आला होता. माझ्याशी बोलला नाही, त्याला गाडी चालवायचं टेन्शन असेल. सामान थोडंच. दोन बॅगा, एक खोकं, तिचा शिवणाचा डबा. मी अनुक्रमणिका बसवत होतो, पानांचे आकडे एका रेषेत येत नव्हते. दारात उभी राहून म्हणाली, निघते. म्हटलं, दोनच मिनिटं, आलो खाली. शेवटचा आकडा रेषेत बसवला आणि जिन्यावरून धावत गेलो तर गाडी नाही.

फार तर सात मिनिटं झाली होती. सात मिनिटं थांबता येत नाही माणसाला?

९ ऑगस्ट, रविवार

काय शांतता! आता कामाला कसला वेग येतो बघा. निश्चय : रोज चार पानं.

१६ ऑगस्ट, रविवार

पानं : एकूण दोन. ती ऋणनिर्देशाची. सर, विभाग, ग्रंथपाल, टायपिंगच्या बाई, दोनशे कुटुंबं, आणि शेवटच्या ओळीत 'माझी सहचारिणी'. शेवटची ओळ मानाची असते. रोबस्टला वाचून दाखवलं. (तिचा प्रबंध मंजूर झालाय, फाइली न्यायला आली होती.) म्हणाली, सहचारिणी कुठे असते सध्या? म्हटलं, सहा तासांवर. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि फाइली उचलल्या. माझ्यापुढे लोकांना काही बोलायचं असतं आणि ते गिळतात, असं हल्ली फार होतंय.

३० ऑगस्ट, रविवार. सकाळी

फोनची नोंद ठेवतोय. पहिला आठवडा : अकरा मिनिटं. दुसरा : नऊ. तिसरा : पाच. काल : दोन मिनिटं दहा सेकंद. त्यात जेवलास का, हो, तू, हो, काम कसं चाललंय, तीन तारे आलेत, अरे वा, ठेवू? रेघ खाली चाललीय, हे कुणीही सांगेल. पण सॅम्पल लहान आहे. चार आकड्यांवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.

भात आज परत करपला. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणाली होती की पाच? फोन करून विचारावंसं वाटलं. नको, ती कामात असेल.

२० सप्टेंबर, रविवार. दुपारी ४

आज काही लिहिलं नाही. वाचलं नाही. दुपारभर खिडकीत बसलो. समोरच्या इमारतीतला माणूस बायकोबरोबर गादीची खोळ घालत होता, दोघं दोन टोकं धरून. अर्धा तास त्यांचं तेच चाललं होतं, खोळ उलटी निघाली, परत काढली, हसत होती दोघं. यादीत कुठला कोड द्यावा याला? घरकाम, १२. जोडीदार सोबत, टिक.

मला तिची आठवण येते. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. फार येते. दुपारी जास्त येते. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की टेबलावरून मान वर होते. पूर्वी ती खरंच यायची तेव्हा होत नव्हती.

असो. प्रकरण तीन उद्या.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रकरण तीन सरांकडे गेलं. एकदाचं!

१२ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी

सरांनी बोलावलं. पानावर पेन्सिलीनं गोल केला होता. विचारलं, १४३ का काढलं? म्हटलं, सर, आउटलायर. म्हणाले, म्हणजे काय? म्हटलं, दोघांचे आकडे पटण्यासारखे नाहीत. म्हणाले, तुम्हाला पटत नाहीत म्हणून माणसं घराबाहेर काढता की काय? मूळ फॉर्म बघितला? मी म्हटलं, म्हणजे तसा, वरवर. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, चार वर्षं झाली तुम्हाला. जा, कागद वाचा. टायपिंगची चूक असेल तर सुधारा, नसेल तर त्या घराला परत आत घ्या. मग काय उरतं ते उरू दे.

परत घेतलं की तारे जाणार. त्यापेक्षा टायपिंगची चूकच असेल, माझी खात्री आहे. उद्या सकाळी बघतो.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ८.२०

तिसऱ्या गठ्ठ्याची सुतळी कापली. १४३ काढला.

वरचा फॉर्म नवऱ्याचा. अक्षर माझं आहे.

१३ ऑक्टोबर, सकाळी ९

टायपिंगची चूक नाही. साडेचार तास मीच लिहिलेत. ती घरात होती म्हणून टिका मारत गेलो. मी टेबलावर, ती पलीकडच्या खोलीत, टिक. मी टेबलावर, ती ओट्यापाशी, टिक. सहा मिनिटांत.

तिचा फॉर्म जसाच्या तसा उतरवून ठेवतो. कोड २७ चे सात खण. टायपिंगच्या बाईंना मी शब्द नकोत म्हटलं होतं.

सकाळी आठ : चहा दिला, येतो म्हणाला, वाट पाहिली.
साडेआठ : चहा परत गरम केला, वाट.
दुपारी एक : जेवायला ये म्हटलं, हो म्हणाला.
दीड : जेवण झाकून ठेवलं.
दोन : एकटी जेवले, तरी वाट.
सहा : बाहेर जाऊ म्हणाला होता. केस विंचरून बसले.
साडेसहा : केस विंचरून बसले.

आणि शेवटचं पान. 'आणखी काही सांगायचंय का' हा प्रश्न मीच घातला होता, उगीच जागा उरली होती म्हणून. तिनं लिहिलंय :

'हे तोंडानं सांगायला घेतलं की तू दोन मिनिटं थांब म्हणतोस. म्हणून इथं लिहिते. फॉर्म तू वाचतोसच. मला तुझा राग नाही आलेला, पण मला इथं फार एकटं वाटतं. एवढं वाचलंस की नुसतं मला सांग, वाचलं म्हणून. मग बसून बोलू. मला अजून बोलायचंय.'

तारीख ५ जून.

चार वेळा विचारलं तिनं मला. मी म्हटलं, संशोधनात रस घेतेय. साडेतीन महिने हा कागद तिच्याच खुर्चीवर पडून होता. आणि मी तिच्यासमोर जेवताना नवऱ्याची नक्कल केली. देवा रे.

१३ ऑक्टोबर, दुपारी

फोन हातात घेतला. काय बोलणार? वाचलं म्हणून सांग, एवढंच म्हणालीय. ते फोनवर सांगायचं? नाही. समोर जाऊन.

१४३ परत आत घेतलं. तारे गेले. जाऊ देत.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

योजना. यावेळी खरी. प्रबंध गेला खड्ड्यात. रविवारी जायचं आणि राहायचंच. पंधरा दिवसांचे कपडे भरले. सरांना कळवलं, नोव्हेंबरचं काही सांगता येत नाही. सर म्हणाले, चौथ्या वर्षी पहिल्यांदा तुम्ही खरं बोललात.

बोलायचे मुद्दे काढले. एक : वाचलं. दोन : मी गाढव आहे. तीन : मी आलोय, आता हलणार नाही. तिसरा ऐकून ती रडेल. मग मीही रडेन. मग सगळं ठीक होईल. तिचा स्वभाव मला माहीत आहे. ती थांबलेली असणार.

१८ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६.१५, स्टँडवर

एकला पोचलो. दुसरा मजला, खोली लहान पण उजेडाची. दार उघडून म्हणाली, अरे, कळवायचं नाही का? ये. चेहऱ्यावर राग शोधला. नव्हता. तब्येत सुधारलीय तिची.

शेजारच्या बाई वाटी परत द्यायला डोकावल्या. हिनं ओळख करून दिली, माझे मिस्टर. बाई म्हणाल्या, अगं बाई, आहेत होय!

तिनं जेवायला वाढलं. समोर बसून जेवली. दोन महिन्यांत नव्या मशिनींवर पोरी कशा तयार केल्या ते सांगत होती, हातवारे करून, हसून. कितीतरी दिवसांनी ती इतकं बोलली. की मीच कितीतरी दिवसांनी ऐकलं, कोण जाणे. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मग मुद्दा एक. म्हटलं, फॉर्म वाचला.

तिनं विचारलं, कधी? म्हटलं, मंगळवारी. परवाच्या मंगळवारी? हो. मग म्हणाली, मी एकतीस जुलैपर्यंत थांबले होते. त्या दिवशी सकाळीसुद्धा वाटलं, आता सांगेल. मग सोडून दिलं. आता झोप छान लागते मला.

हे अगदी शांतपणे सांगितलं, एखाद्याला तब्येतीचं सांगावं तसं. ओरडली असती, ताट फेकलं असतं तरी चाललं असतं. मुद्दा दोन म्हटलं, मी गाढव आहे. म्हणाली, नाही रे, तसा तू वाईट नाहीस. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. सांत्वनाला गेल्यावर ठेवतात तसा.

तिसरा मुद्दा ओठांवर होता. ती उठली, आधण ठेवलं, कप काढले. चहा झाल्यावर माझी बाटली घेतली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, आणि दाराशी ठेवलेल्या माझ्या बॅगेकडे न बघता विचारलं, परतीची गाडी किती वाजताची आहे?

म्हटलं, साडेपाचची.

म्हणाली, मग निघायला हवं तुला, रविवारी गर्दी असते. जिन्यापर्यंत आली. सावकाश जा म्हणाली. खाली उतरून वर बघितलं तर ती अजून उभी होती, तिनं हात हलवला, मग आत गेली.

इथं येऊन बोर्ड वाचला. साडेपाचला गाडीच नाही. पुढची सात दहाची आहे.